शेजारची कळ

नागपुरात तुम्ही कुठेही उभे राहा, पाच मिनिटांत माझं अक्षर तुमच्या दृष्टीस पडेल. चौकातल्या फलकावर कोणा भावी नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या असतात, त्यातलं 'हार्दिक' माझं. जरीपटक्यातल्या साड्यांच्या दुकानावरचं 'शुभ लाभ' माझं. महालात एका बोळाच्या तोंडाशी 'येथे लघवी करू नये' अशी पाटी आहे, तीही माझ्याच लफ्फेदार अक्षरांत. ती इतकी देखणी झाली आहे की लोक वाचायला थांबतात, आणि थांबलेच आहेत तर काम उरकून जातात.

यातलं काहीही मी लिहून दिलेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी लग्नपत्रिकांसाठी अक्षरं काढली, त्यांचा कॉम्प्युटरवर फॉन्ट झाला आणि तो पेन ड्राइव्हवरून या दुकानातून त्या दुकानात गेला. मी त्याचं नाव 'वळणदार' ठेवलं होतं. गावभर फिरून वर्षभरात तो माझ्याच दुकानात परत आला, तेव्हा त्याचं नाव 'शादी ७' झालं होतं. शादी १ ते ६ कोणाचे, ते मला आजवर कळलेलं नाही.

संपादकांनी सांगितलं, पत्रिकावाल्याच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, एखादी सांगीनही. पण लिहायला बसलो की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो, खापरखेड्याचे देवराव लांजेवार. त्यांनी माझ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. आपल्या मुलाच्या नावाआधी एक अक्षर आणि त्यापुढे एक टिंब, एवढंच. ते मी दिलं नाही. हे सांगितल्याशिवाय बाकीच्या गमती सांगण्यात काही अर्थ नाही.

आधी धंदा थोडा समजावून सांगतो. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. अक्षर चांगलं, म्हणून घरातल्या लग्नांच्या पत्रिका त्यांच्याकडे यायच्या, मग गल्लीतल्या यायला लागल्या. त्यांच्याकडूनच मी बोरू कापायला शिकलो. देवनागरीचा बोरू टोकाला तिरका कापतात. त्यामुळे हात एका दिशेनं गेला की रेघ जाड येते, दुसऱ्या दिशेनं गेला की बारीक. अक्षराची सगळी शोभा त्या जाड-बारीकपणात आहे. बाकीचे लफ्फे, वेलांटीला काढलेली लांब शेपटी, मात्रेला दिलेला झोका, ही सगळी वरची सजावट. गिऱ्हाईक मात्र सजावटीलाच भुलतं. 'थोडं आणखी फॅन्सी करा ना,' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

आमच्या काळी गुळगुळीत कागदावर काळ्या शाईनं नावं लिहायची, त्याचा फोटो काढायचा आणि त्यावरून छपाई करायची. मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापाठोपाठ रेखाताई आली. नंदनवनहून सायकलनं येणारी ही मुलगी टाइपिंगला बसली ती आजतागायत तिथेच बसलेली आहे. मी तिला ताई म्हणतो, ती मला सर म्हणते आणि मनात येईल ते बोलते. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "सर, तुमचं एक नाव लिहून होत नाही तं माझ्या तीन पत्रिका निघून राहिल्या." खरं होतं. तेव्हाच मी ठरवलं, आपलं अक्षर कॉम्प्युटरमध्ये घालायचं.

जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी कळांच्या मागे बसवतात. कोणत्या कळेमागे कोणतं अक्षर, हे फॉन्ट करणारा ठरवतो. मी साडेतीनशेच्या वर आकार काढले. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, चार तऱ्हेच्या वेलांट्या, पाच प्रकारचे श्री. ते अर्धे होत आले तेव्हा वडील गेले. त्यांच्या तेरवीची पत्रिका मी हातानं लिहिली आणि तिच्यातला 'कै.' इतका साधला, की तो जसाच्या तसा फॉन्टमध्ये घेतला. दोन्ही मात्रा मागे वळून शिरोरेषेवर परत येतात, असा तो आहे. माझं आयुष्यातलं सर्वांत चांगलं अक्षर तेच. ते तेच असावं, याचं मला पुढे फार वाईट वाटलं.

पत्रिकेच्या धंद्यात नावाआधीच्या या अक्षरांना नावापेक्षा जास्त मान असतो. नवऱ्यामुलाला चि., नवरीला चि. सौ. कां., आईला सौ., वडील नसतील तर तिला श्रीमती, जुन्या घरांत गं. भा. गेलेल्या माणसाला आम्ही महालातले कै. लिहितो, बाकी नागपूर हिंदीच्या शेजारामुळे स्व. लिहितं. बौद्ध घरांत जिवंत माणसाला आयु. आणि गेलेल्याला कालकथित. हे चुकलं तर माणसं जन्मभर विसरत नाहीत. विहिणीच्या नावाआधी सौ. राहून गेलं म्हणून मांडवात जेवण न घेता निघून गेलेले लोक मी पाहिले आहेत.

चि. आणि कै. सतत लागतात, म्हणून मी त्यांना प्रत्येकी एक स्वतंत्र कळ दिली. कीबोर्डवर चौकोनी कंसाच्या दोन कळा शेजारीशेजारी असतात. उघडणाऱ्या कंसामागे मी चि. बसवला, मिटणाऱ्या कंसामागे कै. उघडला तो चि., मिटला तो कै. मला ते तेव्हा फार कल्पक वाटलं होतं. दोन-चार जणांना मी ते कौतुकानं सांगितलंही. फक्त रेखाताई म्हणाली, "सर, हे दोन बटनं जवळ जवळ काहून ठेवले? बोट घसरलं तं?" मी म्हणालो, "तुमचं बोट घसरत नाही."

तिचं नाही घसरलं. माझं घसरलं.

एप्रिलचा महिना, पत्रिकांची एकच गर्दी, रेखाताई तीन दिवस रजेवर. कळमेश्वरच्या एका घरची पत्रिका मी स्वतः लावली. नवऱ्यामुलाचं नाव प्रशांत. वधूवरांची नावं सोनेरी शाईत, सगळ्यात मोठी. मुलाच्या काकांनी दुकानात बसून वाचून पाहिलं. नावांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासले, मुहूर्ताची वेळ तपासली, कार्यालयाचा पत्ता दोनदा तपासला. मीही तपासलं. तीनशे पत्रिका गेल्या, आणि त्यातल्या निम्म्या वाटून झाल्यावर मुलाच्या आत्यानं चष्मा लावून पाहिलं, तर तिथे 'कै. प्रशांत' होतं.

हे कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण म्हणजे माझी कला. मी ते अक्षर इतकं नटवलं होतं की ते कोणी वाचलंच नाही. नक्षी म्हणून डोळा त्यावरून पुढे सरकला. अक्षर सुंदर करताना ते वाचायचं असतं हे मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले. बरोबर घरची आठ-दहा माणसं. काका ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. पत्रिका टेबलावर ठेवून म्हणाले, "पोरगा जित्ता हाये आमचा. हा पाहा, तुमच्यासमोर उभा हाये." प्रशांत खरोखरच मागे उभा होता आणि तो बिचारा हसू दाबत होता.

मी सोनेरी चि.च्या चिकटपट्ट्या छापल्या. उरलेल्या पत्रिकांवर त्या दुकानातच लावल्या, वाटलेल्यांसाठी प्रशांत आणि मी त्याच्या मोटरसायकलवर दारोदार फिरलो. तो दार वाजवायचा आणि म्हणायचा, "मामाजी, मी भूत आहो. पत्रिका आणा जरा, मले जित्तं करून घ्यायचं हाये." लोक हसायचे. मी पट्टी चिकटवायचो आणि खाली मान घालून बाहेर यायचो. त्याचं लग्न झालं, दोन मुलं आहेत, तब्येत उत्तम आहे. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. "नमस्कार सर, कै. प्रशांत बोलून राहिलो." गंमत म्हणायची ती एवढीच.

प्रशांत विसरला, पण बाजार विसरला नाही. महालात आणि इतवारीत माझं नाव 'कैवाले' पडलं. कागदाच्या दुकानात गेलो की गल्ल्यावरचा माणूस आतल्या माणसाला सांगायचा, कैवाले देशकर आलेत. गिऱ्हाईक पत्रिका न्यायला आलं की माझ्यादेखत चि.वर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं. मी कळा बदलून टाकायला हव्या होत्या, पण ते जमण्यासारखं नव्हतं. एक कळ इकडची तिकडे केली की आधी लावून ठेवलेल्या सगळ्या फायली उघडताना चि.चे कै. आणि कै.चे चि. झाले असते. मग मी दुसरा उपाय केला. मी कडक झालो. प्रत्येक पत्रिकेतली ही दोन अक्षरं मी स्वतः तीन वेळा तपासू लागलो. नियम म्हणजे नियम. चि. कुठे आणि कै. कुठे, यात माझ्या दुकानात आता काडीचाही फरक होणार नाही, असं मी स्वतःला बजावलं.

त्याच वर्षी, लग्नाचा हंगाम संपता संपता, एका दुपारी देवराव लांजेवार आले.

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर होते. पन्नाशीचा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. अंगात कामावरचाच निळा शर्ट. बसनं आले होते, घामानं भिजले होते. मी त्यांना कूलरसमोर बसायला सांगितलं तर म्हणाले, "नाही जी, इथंच ठीक आहे." त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणलेला मजकूर माझ्यासमोर ठेवला आणि त्यावर पासपोर्ट आकाराचा एक फोटो ठेवला. मुलगा निलेश. वय तेवीस. कळमेश्वरच्या एका कारखान्यात नुकता लागला होता. कामावरून परत येताना रस्त्यात अपघात झाला. तेरवीच्या दोनशे पत्रिका हव्या होत्या.

मजकुराची पहिली ओळ अशी होती: 'आमचा चि. निलेश याचे अपघाती निधन झाले.'

मी पेन्सिल उचलली आणि चि.ला गोल केलं. हात आपोआपच गेला. "लांजेवारजी, इथे कै. येईल," मी म्हणालो.

"मले मालूम हाये. पण तुमी चि.च टाका."

"चि. आणि निधन एका ओळीत येत नाही हो."

"काहून नाही येत? माझ्या घरी तं आलं."

रेखाताईचं टाइपिंग थांबलं. मीही थांबायला हवं होतं. पण मी त्यांना अर्थ समजावून सांगायला लागलो. चि. म्हणजे चिरंजीव, म्हणजे पुष्कळ आयुष्य असलेला, म्हणून तो जिवंत माणसालाच लावतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आशीर्वाद हाये ना तो?" ते म्हणाले. "बापानं लेकराले द्याचा? मंग, मी बाप हावो त्याचा."

"तुमचं बरोबर आहे. पण रीत नाही तशी. कै. नको असेल तर स्व. टाकतो. नाहीतर दिवंगत. तेही चांगलं दिसतं." साडीवाला एकामागून एक साड्या उलगडतो तसा मी त्यांना पर्याय दाखवत होतो. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं. आमच्याकडे तेरवीची पत्रिका घरात ठेवत नाहीत. आली की दारातच वाचतात आणि फाडून टाकतात. काही जण तर नाव बघून पुढचं वाचतही नाहीत. देवराव म्हणाले, "कै. पाहिलं का लोक लगेच फाडतेत, भाऊ. मी बी फाडल्या हायेत लोकाइच्या. पण माझ्या पोराचं नाव कोनी असं दारात फाडावं, हे मले सहन नाही होऊन राहिलं. चि. असन तं फाडताना मानसाचा हात थांबन. जरासा तरी थांबन. तेवढंच पाहिजे मले."

एवढं ऐकल्यावर कोणीही ते अक्षर दिलं असतं. मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "लांजेवारजी, माझ्या दुकानातून अशी पत्रिका गेली तर लोक म्हणतील, देशकर पुन्हा चुकला. माझं नाव जाईल."

त्यांनी टेबलावरचा फोटो उचलला आणि शर्टच्या खिशात ठेवला.

"तुमचं नाव," ते म्हणाले. मग खिशाचं बटण लावत, "बरं. तुमचं नाव नका जाऊ देऊ. टाका कै."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला दुसरीकडे जायचं त्राण नव्हतं, इतकंच. ते गेल्यावर रेखाताई म्हणाली, "टाकलं असतं तं काय बिघडलं असतं, सर?"

"नियम आहे."

"नियमानं तं पोरगा बापाच्या आधी जात नाही," ती म्हणाली आणि मिटणारा कंस दाबून तिनं मजकूर लावायला घेतला.

दोन दिवसांनी ते पत्रिका न्यायला आले तेव्हा मी आत होतो. म्हणजे, आत जाऊन बसलो होतो. रेखाताईनं गठ्ठा दिला. त्यांनी वरची पत्रिका काढून पाहिली, तिच्यावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "बाई, या कागदावर बॉलपेन उमटते का?" ती म्हणाली, "उमटते." ते "बरं" म्हणून गेले. त्यांनी असं का विचारलं ते मला तेव्हा कळलं नाही.

चार दिवसांनी डाकेनं दुकानाच्या पत्त्यावर एक पत्रिका आली. माझ्याच दुकानात छापलेली. माझा तो सुंदर कै. निळ्या रेघेनं खोडला होता आणि वर हातानं चि. लिहिला होता. सरळ, शाळकरी अक्षर. जाड-बारीक काही नाही, वेलांटीला वळण नाही, टिंब मात्र दाबून दिलेलं. मला एकट्यालाच अशी पाठवली की दोनशेच्या दोनशे त्यांनी बसून खोडल्या, हे मी कधी विचारलं नाही. पण ते मला ठाऊक आहे.

ती पत्रिका हातात घेऊन मी उभा होतो. हात थांबला का? थांबला. देवराव म्हणाले होते तसा थांबला. मग मी ती फाडली. चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. रेखाताई समोर बसली होती, तिनं सगळं पाहिलं. मी तिला म्हणालो, "रिवाज आहे, घरात ठेवत नाहीत." हे घर नव्हतं, दुकान होतं. मी तेरवीलाही गेलो नाही.

यानंतरची वर्षं कशी गेली ते सविस्तर सांगण्यासारखं नाही. धंदा हळूहळू आटला. आता पत्रिका मोबाइलवर येते, तिच्यातून गाणं वाजतं, पाकळ्या पडतात, आणि त्या पाकळ्यांखाली पुष्कळदा माझंच अक्षर असतं. छापतात त्या पन्नास-साठ, देवापुढे ठेवायला आणि ज्येष्ठांना द्यायला. तेरवीची तर आता कोणी छापतच नाही, फोनवर येते. फाडायचा प्रश्न मिटला, बोटानं सरकवली की झालं. माझी नजर मंदावली, बोरू धरला की अंगठा थरथरतो. रेखाताईचे केस पांढरे झाले. आम्ही दोघं जुन्या कॉम्प्युटरवर जुन्या फॉन्टमध्ये उरलेली कामं करतो. दर दिवाळीला प्रशांतचा फोन येतो, मी हसतो, आणि फोन ठेवल्यावर तो दिवस मला नकोसा होतो. एका जिवंत मुलाला मी चुकून कै. दिला, आणि एका बापानं हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले असताना त्याला चि. दिला नाही. पहिल्या चुकीसाठी मी दारोदार फिरलो. दुसरीसाठी मला खापरखेड्याची बस धरता आली नाही.

गेल्या उन्हाळ्यात देवराव पुन्हा आले.

मी त्यांना लगेच ओळखलं. खांदे आणखी वाकले होते. निवृत्त झाले, कॉलनीतलं क्वार्टर सुटलं, असं म्हणाले. या वेळी ते कूलरसमोर बसले, पाणी प्यायले. धाकट्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं होतं. निलेश गेला तेव्हा ती सहावीत होती.

"पोरगी म्हने बाबा, मोबाइलवर करून टाकू," ते म्हणाले. "म्या म्हटलं, नाही. निलेशचं नाव ज्या अक्षरात आलं, तिचंबी त्याच अक्षरात पाहिजे. म्हनून आलो."

रेखाताईनंच मजकूर घेतला. तसाच, वहीच्या पानावर लिहिलेला. वधूच्या नावाखाली लिहिलं होतं, 'देवराव लांजेवार यांची कन्या व निलेशची बहीण'. निलेशच्या नावाआधी काहीच नव्हतं. जागा कोरी सोडली होती.

ते संध्याकाळी येतो म्हणून गेले. ती ओळ मी स्वतः लावायला बसलो. रेखाताई माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी उघडणाऱ्या कंसावर बोट ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "टाका सर. या वेळेस टाका." मी कळ दाबली. 'चि. निलेशची बहीण'. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ती ओळ छपाईला पाठवायची घाई झाली होती. त्यांना पाहून काय वाटेल, ते काय म्हणतील, याची मी दुपारभर मनात जुळवाजुळव करत होतो. मी माफी मागीन, ते 'जाऊ द्या' म्हणतील, असं काहीतरी. नाव जायची भीती आता नव्हती. जायला नाव तरी कुठे उरलं होतं?

ऊन उतरल्यावर ते आले. चष्मा लावला आणि छपाईआधीच्या नमुन्यात एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागले. गणपती, कुलदेवता, मुहूर्त, कार्यालय. बोट त्या ओळीवर आलं आणि थांबलं.

"हे तुमी टाकलं?"

"हो."

"म्या तं काही लिहिलं नव्हतं."

"तुम्हाला तेव्हा हवं होतं," मी म्हणालो. "मी दिलं नाही. माझं चुकलं, लांजेवारजी."

त्यांनी चष्मा काढला, शर्टच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"तवा पाहिजे होतं, भाऊ," ते म्हणाले.

रागानं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

"माझी पत्रिका भेटली होती का तुमाले? डाकेनं धाडली होती."

"मिळाली होती."

"फाडली असन."

रेखाताई कीबोर्डकडे पाहत राहिली.

"असू द्या. फाडाचीच असते ते," ते म्हणाले. "त्याच्या मायनं एक ठेवली होती डब्यात. गेल्या साली त्याची माय बी गेली. आता घरात त्याले चि. म्हननारं मीच एकटा हावो, अन् माझं काय खरं हाये? हे काढा. कै. टाका. लग्नाची पत्रिका हाये भाऊ, हे कोनी फाडत नाही."

रेखाताई उठली आणि तिनं मला जागा दिली. मी चि. खोडला. कै.ची कळ शेजारीच होती.